बारा तासांचा मुद्रणदोष

परस्परांभोवती फिरणाऱ्या काही जोडताऱ्यांची कक्षा अशी असते की, ठरावीक काळाने एक तारा दुसऱ्याला झाकतो व जोडीचा प्रकाश मंदावतो. लागोपाठच्या अशा ग्रहणांमधील अंतरावरून त्यांचा भ्रमणकाल कळतो. तो बदलतो आहे काय, हे ठरवण्यासाठी मात्र पूर्वसूरींच्या नोंदींचाच आधार घ्यावा लागतो.

इंग्लंडमधील यॉर्क येथील जॉन गुडरिक या कर्णबधिर तरुणाने १७८४ मध्ये स्वरमंडळ तारकासमूहातील 'बीटा लायरी' या ताऱ्याची तेजस्विता बदलते, असे नोंदवले. दोनच वर्षांनी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो निवर्तला. त्याच्या काळापासूनच्या नोंदी जुळवल्या असता या जोडीचा सुमारे १३ दिवसांचा भ्रमणकाल दरवर्षी साधारण १९ सेकंदांनी वाढत असल्याचे दिसते. हलक्या ताऱ्यातील द्रव्य जड सोबत्याकडे वाहते, त्यामुळे दोघांमधील अंतर वाढते, हे त्याचे कारण.

याउलट, वृश्चिक राशीतील 'व्ही १३०९' या जोडीचा भ्रमणकाल घटत गेला आणि २००८ मध्ये तिचे दोन्ही तारे एकमेकांत विलीन होऊन भडका उडाला. हा दाखला समोर ठेवून २०१७ मध्ये अमेरिकी खगोलज्ञ लॅरी मोल्नार व त्यांच्या सहकाऱ्यांनी भाकीत केले की, हंस तारकासमूहातील 'केआयसी ९८३२२२७' ही जोडी २०२२ च्या सुमारास अशीच विलीन होईल आणि तो प्रकाश नुसत्या डोळ्यांना दिसेल. जगभर कुतूहल जागे झाले. परंतु २०१८ मध्ये अन्य संशोधकांनी जुनी निरीक्षणे पुन्हा तपासली, तेव्हा पूर्वीच्या एका शोधनिबंधात ग्रहणाची वेळ नेमकी १२ तासांनी चुकीची छापली गेल्याचे आढळले. या जोडीचा भ्रमणकाल सुमारे ११ तासांचा. त्यामुळे ती चूक तासाभराच्या खऱ्या फरकासारखी भासली होती. मोल्नार यांनीही ती मान्य केली. २०२२ साल आले आणि गेले. तारे होते तसेच राहिले.

हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहणाऱ्या आम्हा भाषेच्या अभ्यासकांना लेखनिकाचा प्रमाद नवा नाही. एका चुकलेल्या अक्षराने ओवीचा अर्थ पालटतो. येथे एका चुकलेल्या आकड्याने दोन ताऱ्यांचा अंत ठरवला. तो रद्द झाला, तोही जुन्या नोंदी कुणी तरी जपून ठेवल्या होत्या म्हणूनच. गुडरिकला आपल्या नोंदींचे पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते. त्याने फक्त पाहिले ते लिहून ठेवले.