उंटिणीच्या दुधावरची शिंगरं

शारजाच्या आतल्या भागात मलीहा नावाचं ठिकाण आहे. तिथल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दफनभूमीत उत्खनन झालं, तेव्हा माणसांच्या थडग्यांजवळ पुरलेले उंट सापडले आणि घोडेही. त्यातल्या एका घोड्याचा लगाम सोन्याने मढवलेला होता. उंटांचं नवल वाटत नाही, ते तिथलेच. घोड्याला मात्र रोज पंचवीस-तीस लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. वर्षाला सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडणाऱ्या मुलखात घोडा पाळणं म्हणजे दररोजची तजवीज. आणि मोठ्या घोड्याची भूक एक वेळ भागवता येते, पण घोडी व्याली की खरा प्रश्न उभा राहायचा. वाढत्या शिंगराच्या तोंडात काय घालायचं?

अरबस्तानातल्या बदूंनी याचं उत्तर उंटिणीच्या कासेत शोधलं. योहान लुडविग बुर्कहार्ट हा स्विस प्रवासी १८१७ मध्ये कैरोत वारला. बदूंविषयीची त्याची टिपणं १८३० मध्ये लंडनला छापली गेली. तो हिंडला तो सीरिया आणि हिजाजकडे, आजच्या अमिरातींच्या किनाऱ्यावर नव्हे. पण उंट, वाळू आणि टंचाई यांचं गणित सगळीकडे सारखंच होतं, आणि शिंगरांच्या संगोपनाचं इतकं जवळून केलेलं वर्णन त्या काळात दुसरं क्वचितच सापडतं. शिंगरू जन्मताना जमिनीवर पडू द्यायचं नाही, हातांवर झेलायचं. महिनाभर आईचं दूध, मग तोडायचं. त्यानंतर शंभर दिवस फक्त उंटिणीचं दूध, दुसरं काही नाही. ते शंभर दिवस सरले की पाण्यात भिजवलेले गहू, सुरुवातीला मूठभरच, मग हळूहळू वाढवत. दूध चालूच. असे आणखी शंभर दिवस गेल्यावर तंबूभोवतीचं गवत आणि जव. पाठीवर स्वार बसायचा तो दोन वर्षं पुरी झाल्यावर.

या वेळापत्रकाचं मोल कळायला हवं. उंटिणीचं दूध हे बदू कुटुंबाचं जेवणच होतं. दुष्काळाच्या दिवसांत कित्येक घरांत त्याखेरीज फारसं काही नसायचं. त्यातला वाटा शिंगराला जाई, म्हणजे घरातली माणसं आपल्या तोंडचा घास काढून देत. उंटीण वर्षभर आणि त्याहूनही जास्त काळ दूध देते, खुरटी काटेरी झुडपं खाऊन देते. जिथे गवत उगवत नाही तिथे झुडपाचं दूध करणारा प्राणी मध्ये घालून घोडा वाढवायचा, ही त्या माणसांची अस्सल शोधक बुद्धी.

महिन्याभरात आईपासून तोडणं मात्र आजचा कुठलाही पशुवैद्य मान्य करणार नाही. हल्ली चार ते सहा महिन्यांनी तोडतात. पण बदू स्वारीला घोडीच पसंत करत. धाडीला जायचं तर घोडी मोकळी हवी आणि तिच्या अंगात ताकद हवी. पोरासाठी आईला झिजवायचं नाही आणि पोरालाही उपाशी ठेवायचं नाही, या दोन्हींचा मेळ उंटिणीने घालून दिला.

दूध नसेल तिथे खजूर. नज्दमध्ये घोड्यांना खजूर नेमाने घालत आणि अल-हसाकडे ते लसूणघासात मिसळत, असंही बुर्कहार्ट नोंदवतो. अमिरातीतल्या अल ऐनच्या बागांत आजही फलजच्या, म्हणजे जमिनीखालून खेळवलेल्या पाटाच्या पाण्यावर खजुराची झाडं उभी आहेत. या भागात हे पाट पार लोहयुगापासूनचे. झाडांच्या सावलीत लसूणघास लावायची रीत जुनी आहे. खजुरात साखर भरपूर, पण हाडं बांधायला लागणारं कॅल्शियम आणि प्रथिनं बेताची. ती उणीव लसूणघास भरून काढतो. रसायनशास्त्र शिकलेलं कोणी तिथे नव्हतं, तरी जोडी अचूक जमली होती. किनाऱ्यावर तर वाळवलेली तारलीही गुरांच्या आणि उंटांच्या वैरणीत असे. दक्षिणेला धोफारमध्ये जनावरं मासळीवर पोसलेली इब्न बतूताने चौदाव्या शतकात पाहिली, आणि तिथूनच हिंदुस्थानात जातिवंत घोडे जातात हेही त्याने लिहून ठेवलं.

तो व्यापार आपल्या दारापर्यंत येत होता. आजच्या रास अल खैमाजवळचं जुल्फार बंदर ज्या होर्मुझच्या सत्तेखाली होतं, त्या होर्मुझहून घोड्यांची गलबतं चौल, दाभोळ आणि गोव्याला लागत. १४७०च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला गेला. या देशात घोडे निपजत नाहीत, असं त्याने लिहिलं आणि इथला खुराकही टिपला: हरभरा आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी. त्याच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षं आधी फारसी इतिहासकार वस्साफने दक्षिणेतला प्रकार सांगितला होता, की तिथे घोड्यांना भाजलेलं धान्य लोणी लावून देतात आणि वर गायीचं उकळलेलं दूध पाजतात. वाळवंटात मूठभर गव्हावर वाढलेलं जनावर इथे एकदम तुपा-तेलाच्या चंदीवर यायचं. परदेशी घोडे इथे फार काळ टिकत नाहीत, ही तक्रार मार्को पोलोपासून ऐकू येते. हवामान, नालबंदांचा अभाव अशी कारणं त्यामागे सांगितली गेली, पण खुराकाचा वाटाही त्यात असणारच, असं वाटतं.

कारण घोड्याचं शरीर भुकेपेक्षा अति खाण्याने लवकर बिघडतं, आणि वाढत्या वयात तर फारच. सहा महिन्यांत शिंगरू मोठ्या घोड्याच्या निम्म्याच्या जवळपास वजन गाठतं, वर्षाचं होईतो नव्वद टक्के उंची. गुडघ्याच्या वर, नळीच्या टोकाला असलेली वाढीची कूर्चा मात्र दोन ते अडीच वर्षांपर्यंत बंद होत नाही. पिष्टमय धान्याचा मारा करून अंग भराभर फुगवलं, तर मांस पुढे जातं आणि सांधे मागे राहतात. कूर्चेची हाडात नीट घडण न होण्याचा जो विकार जगभरच्या पागांना छळतो, त्याच्या कारणांत जलद वाढ आणि खनिजांचा असमतोल ही प्रमुख आहेत. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००७ मध्ये घोड्यांच्या आहाराची जी सुधारित कोष्टकं प्रसिद्ध केली, त्यांत म्हणूनच वाढत्या वयाचा वेगळा हिशेब आहे. मूठभरापासून सुरू करून टप्प्याटप्प्याने वाढवायचे ते भिजवलेले गहू इथे आठवतात.

तेल सापडलं, १९७१ मध्ये अमिराती एकत्र आल्या आणि खुराकाचा प्रश्न दुसऱ्या टोकाला गेला. आता काहीही विकत मिळत होतं. १९७७ मध्ये दुबईच्या राजघराण्यातले शेख मोहम्मद बिन रशीद अल मक्तूम यांच्या घोडीने ब्रायटनला त्यांची इंग्लंडमधली पहिली शर्यत जिंकली. ती दोन वर्षांची होती आणि नाव होतं हत्ता, दुबईच्या डोंगराळ गावाचं. पुढे १९८१ मध्ये न्यूमार्केटजवळचं डॅलहम हॉल आणि १९८६ मध्ये आयर्लंडच्या किल्डेअर परगण्यातलं किल्डँगन स्टड त्यांनी घेतलं. किल्डेअरच्या मातीखाली चुनखडी आहे, तिथलं गवत कॅल्शियमने समृद्ध. शर्यतीच्या थरोब्रेड जातीच्या शिंगराला हवं ते कुरण वाळूत उभं करता येत नाही, म्हणून शिंगरंच कुरणावर ठेवली गेली.

वाळवंटाने मग दुसरी एक गोष्ट देऊ केली, ऊन. १९९२ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या गोडॉल्फिन या शर्यतीच्या पागेने तरुण घोडे युरोपच्या ओल्या हिवाळ्यातून दुबईला आणून ठेवायला सुरुवात केली. लोकांना शंका होती. १९९४ मध्ये तो हिवाळा दुबईत काढलेल्या बॅलंचिन या घोडीने ओक्स आणि आयरिश डर्बी या शर्यती मारल्या, दुसऱ्या वर्षी तसाच हिवाळा काढलेल्या लामताराने एप्सम डर्बी, आणि शंका मिटली. तीन वर्षांच्या घोड्याच्या अंगात वाढ अजून बाकी असते. थंडीत ऊब टिकवण्यात खर्च होणारं खाणं उबदार हवेत अंगी लागतं, ही साधी बाब इथे कामी आली.

शुद्ध अरबी घोडे मात्र अमिरातीतच जन्मतात आणि वाढतात, दुबई अरेबियन स्टड, अजमान स्टडसारख्या ठिकाणी. त्यांच्या शर्यती सहसा तीन वर्षांनंतरच्या. लांब पल्ल्याच्या स्पर्धांना तर याहून धीर लागतो. १९९८ मध्ये अमिरातीत या प्रकाराची जागतिक स्पर्धा झाली. वरिष्ठ गटात १६० किलोमीटर धावायचं, तर घोडा किमान आठ वर्षांचा हवा. देखणेपणाच्या स्पर्धांत उलट वर्षभराची शिंगरंही उभी राहतात. तिथे गुबगुबीत, तुकतुकीत दिसण्याचा मोह मोठा, आणि तो आवरणारा मालकच शिंगराचा खरा हितकर्ता.

त्या शिंगरांपुढची गव्हाण आज परमुलखाने भरते. ऱ्होड्स गवताच्या शेतीने अबू धाबीचं भूजल इतकं उपसलं की २०१० नंतर सरकारने त्यावरचं अनुदान आखडतं घेतलं. अल दाहरा ही अबू धाबीचीच कंपनी स्पेनमधून आणि कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डमधून लसूणघासाच्या दाबून बांधलेल्या गासड्या आणते. या घासात कॅल्शियम फॉस्फरसच्या पाचपट असतं, आणि ओटमध्ये नेमकं उलटं, फॉस्फरस तिपटीहून जास्त. म्हणून जाणता पागेवाला नुसत्या लसूणघासावर शिंगरू ठेवत नाही आणि नुसत्या ओटवर तर मुळीच नाही. तो दोन्ही मोजून मिसळतो, साधं वाळलेलं गवत दिवसभर पुढे ठेवतो आणि दर महिन्याला शिंगराचं वजन आणि उंची वहीत मांडतो. वजन अचानक चढलेलं दिसलं, की पहिली कात्री धान्याला लागते.