परसबागेतली भाजी: तोडणी वेळेवर, तरच वेल पुन्हा भरतो

बेळगाव-खानापूर भागात पावसाचा जोर मोठा. परसात पाणी तुंबून मुळं कुजू नयेत म्हणून गादीवाफे करूनच भाजी लावतात. लावणीची काळजी बहुतेक घरांत घेतली जाते, चुकतं ते तोडणीला.

फळ जून होऊन आत बी पक्कं व्हायला लागलं, की झाडाचं अन्न तिकडे वळतं. नवी फुलं-फळं कमी होतात. पानाआड राहिलेली एखादी काकडीही वेलाला थोपवते. म्हणून घरात गरज नसली तरी कोवळं फळ काढावं, शेजारी द्यावं.

भेंडी: फूल उमलल्यावर 5 ते 7 दिवसांत. टोक चटकन मोडलं तर कोवळी. एक दिवसाआड तोडावी.

गवार, घेवडा: शेंगेत दाणे फुगायच्या आधी.

वांगी: सालीला चकाकी असेपर्यंत. ओढू नयेत, देठासह कापावीत.

मेथी: पेरल्यापासून साधारण 25 ते 30 दिवसांनी, फुलावर येण्याआधी.

पालक: बाहेरची पानं खुडावीत. मधला कोंब ठेवला तर पुन्हा फुटतो.

तोडणी सकाळी, ऊन चढायच्या आत केली तर भाजी टवटवीत राहते. औषध फवारलं असेल तर लेबलवर दिलेले दिवस थांबावंच लागतं.

बियाण्यासाठी हंगामाच्या शेवटी निरोगी झाडावरची दोन-तीन फळं राखावीत. मात्र ती गावठी वाणाची हवीत. संकरित वाणाच्या बियांतून पुढच्या वर्षी तशीच भाजी येईल याचा भरवसा नसतो.