व्हिडिओ गेमनिर्मिती : खर्च, संघ आणि नियंत्रक

व्हिडिओ गेम घडतो तो हाती असलेला पैसा, काम करणारी माणसे आणि खेळणाऱ्याच्या हातातले साधन यांच्या मेळातून. पहिल्या दोहोंविषयी पुष्कळ लिहिले जाते. प्रस्तुत नोंदीत तिसऱ्याला अधिक जागा दिली आहे, कारण खेळाचा आकार बहुतेक वेळा तेथेच ठरतो. या साधनाला नियंत्रक किंवा कंट्रोलर म्हणतात. महाराष्ट्रात १९९० नंतरच्या दशकात ‘टीव्ही गेम’ घरोघरी आले, तेव्हाची मुले त्याला ‘रिमोट’ म्हणत आणि खेळाच्या पेटीला ‘कॅसेट’.

दिशाबटण : गुन्पेई योकोई (१९४१–९७) क्योटोच्या निन्टेन्डो कंपनीत १९६५ मध्ये लागले ते हानाफुदा पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला. १९८० मध्ये त्यांनी ‘गेम अँड वॉच’ हे खिशात मावणारे खेळ काढले. कॅल्क्युलेटर बनवणाऱ्यांच्या चढाओढीत पडदे आणि चिप स्वस्त झाल्या होत्या. त्याच त्यांनी वापरल्या. जुने, मुरलेले, स्वस्त झालेले तंत्र वेगळ्याच कामाला लावायचे, ही त्यांची कायमची रीत. १९८२ च्या ‘डाँकी काँग’ची डबी वहीसारखी मिटणारी होती. उभी दांडी बसवली असती, तर झाकण लागले नसते. योकोईंनी दांडीच्या जागी अधिक चिन्हाच्या आकाराचे एक चपटे बटण बसवले. त्याच्या पोटात मधोमध टेकू असतो. एक बाजू दाबली की समोरची वर उचलली जाते, त्यामुळे डावी-उजवी एकदम लागत नाही. अंगठ्याला बटणाच्या कडा लागतात, म्हणून खाली न पाहता दिशा कळते. १९८३ च्या फॅमिकॉम यंत्रात हेच बटण आले. आपल्याकडच्या बाजारात विकली जाणारी यंत्रे बहुतांशी फॅमिकॉमच्या नकला होत्या, त्यामुळे पुण्या-नागपुरातल्या मुलांचे अंगठेही याच बटणावर घडले.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) हा खेळ ४० किलोबाइटांत बसवलेला आहे. जागा वाचवण्यासाठी आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांना एकच आकृती वापरली, फक्त रंग बदलला. उजवा अंगठा आडवा ठेवायचा, त्याच्या टोकाने धावण्याचे बटण धरून ठेवायचे आणि पेराने उडीचे दाबायचे, ही पकड कोणी शिकवत नाही. पहिला मोठा खड्डा शिकवतो. अशी रचना मोजक्या माणसांच्या, एका खोलीत बसणाऱ्या संघाकडूनच होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

झुकणारी दांडी : निन्टेन्डो ६४ (१९९६) या यंत्राच्या नियंत्रकातली दांडी किती झुकवली हेही मोजत असे, थोडी झुकवली तर मारिओ चालतो, पूर्ण झुकवली तर धावतो. ‘सुपर मारिओ ६४’ रचताना निन्टेन्डोचे खेळ-रचनाकार शिगेरू मियामोतो यांच्या संघाने खेळातले प्रदेश बाजूला ठेवून आधी एक साधी मोकळी जागा केली आणि तिच्यात मारिओला एका सशामागे पळवत ठेवले. पळण्यात, वळण्यात, घसरण्यात मजा येऊ लागल्यावर बाकीचे काम पुढे गेले. तो ससा पक्क्या खेळातही राहिला; त्याचे मिप्स हे नाव यंत्रातल्या प्रोसेसरवरून आलेले आहे. याच दांडीने पुढे इजाही केली. ‘मारिओ पार्टी’त ती गरगर फिरवावी लागे, मुले तळहाताने फिरवू लागली आणि हात सोलवटले. न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांशी २००० मध्ये झालेल्या समझोत्यानुसार कंपनीने ग्राहकांना हातमोजे देऊ केले.

हाताची हालचाल : निन्टेन्डोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता स्वतः प्रोग्रामर होते. त्यांच्या काळातले वी हे यंत्र नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत सुमारे २५० डॉलरला आले. त्याच महिन्यात आलेल्या प्लेस्टेशन ३ ची किंमत ५०० व ६०० डॉलर होती. वीचे चित्र साधे होते. एचडी दर्जा त्यात नव्हता. खर्च वाचवून भर दिला होता तो हातातल्या कांडीवर. तिच्यात प्रवेग मोजणारी छोटी चिप आणि टोकाला अवरक्त किरण पाहणारा कॅमेरा. टीव्हीवर ठेवायच्या पट्टीला सेन्सर म्हणत, परंतु तिच्यात दोन टोकांना अवरक्त दिवे तेवढे असत. त्यांच्या जागी दोन मेणबत्त्या लावल्या तरी कांडी पडद्यावर नेम धरते.

चिपला हाताचा झटका कळे, हात नेमका कुठे आहे ते कळत नसे. म्हणून ‘वी स्पोर्ट्स’च्या टेनिसमध्ये खेळाडू पडद्यावर आपोआप धावतो, आपण फक्त रॅकेट फिरवायची. ही मर्यादाच घरातल्या आजी-आजोबांना खेळात घेऊन आली. ‘झेल्डा : ट्वायलाइट प्रिन्सेस’चा नायक लिंक डावखुरा होता, खेळणारे बहुतेक उजव्या हाताने कांडी फिरवणार, तेव्हा निर्मात्यांनी वी-आवृत्तीतले सगळे जगच आरशासारखे उलटवले आणि नकाशातली पूर्व पश्चिमेला गेली. कांड्या हातातून निसटू लागल्याने डिसेंबर २००६ मध्ये सुमारे ३२ लाख मनगटपट्ट्या बदलून देण्याची घोषणा झाली. वी १० कोटींवर विकले गेले.

शरीराची हालचाल टिपणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या किनेक्टने (२०१०) हातातले साधनच काढून टाकले. नृत्याचे खेळ त्यावर उत्तम झाले. नुसते पुढे चालत जाणे मात्र अवघड. २०१३ च्या एक्सबॉक्स वनसोबत तो सक्तीने दिल्यामुळे यंत्र ५०० डॉलरवर गेले. पुढच्याच वर्षी किनेक्टविना ४०० डॉलरची आवृत्ती काढावी लागली.

स्पर्शपडदा : यात बोट स्वतःच चित्र झाकते. ‘टेंपल रन’ (२०११) या पतिपत्नींच्या स्टुडिओतून आलेल्या खेळात म्हणून सगळे काम बोटाच्या एका फराट्यावर आणि फोन कलता करण्यावर ठेवले आहे.

खर्च : आकडे क्वचितच जाहीर होतात. ‘शेन्मू’ला (१९९९) ७ कोटी डॉलर लागले असे बरीच वर्षे छापले जाई; दिग्दर्शक यू सुझुकी यांनी नंतर ४.७ कोटी सांगितले. जून २०२३ मध्ये अमेरिकी न्यायालयात सोनीने दिलेल्या कागदांतले आकडे मार्करने खोडलेले होते. कागद स्कॅन झाल्यावर शाईखालचे दिसू लागले. त्यांनुसार ‘द लास्ट ऑफ अस भाग २’ला सुमारे २२ कोटी डॉलर लागले आणि काम ऐन भरात असताना त्यावर २०० माणसे होती, ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ला २१.२ कोटी डॉलर व ३०० माणसे. एवढी गुंतवणूक असली की अनोळखी नियंत्रणपद्धतीचा धोका कोणी पत्करत नाही. दोन दांड्यांची परिचित मांडणीच वापरली जाते. पैसा आहे म्हणजे वेळ आहे असेही नसते. अटारी कंपनीने ‘ई.टी.’ (१९८२) या चित्रपटाच्या हक्कांसाठी २ कोटी डॉलरहून अधिक मोजल्याचे सांगतात. खेळ करायला मिळाले सुमारे ५ आठवडे.

संघ : ‘स्टारड्यू व्हॅली’ (२०१६) एरिक बॅरोन यांनी चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने केला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’साठी २०१७ मध्ये लोकवर्गणी मागितली, ती अपुरी पडली, एपिक कंपनीच्या अनुदानाचा आधार मिळाला आणि २०२० मध्ये खेळ प्रसिद्ध झाला. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’च्या नव्या आवृत्तीचे काम युबिसॉफ्टच्या पुणे व मुंबई शाखांकडे असल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले, २०२२ मध्ये ते माँट्रियलकडे गेले.

डोळ्यांच्या हालचालीवरील नियंत्रण : प्रायोगिक व मर्यादित.

अपंगांसाठी नियंत्रक : एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर (२०१८). दोन मोठी गोल बटणे, मागे ३.५ मिलिमीटरच्या १९ खाचा. पायाचे, हनुवटीचे, फुंकरीचे, ज्याला जे जमेल ते बटण त्यांत जोडता येते. त्याचे खोकेही फास ओढून उघडता येईल असे केलेले आहे.