बिबट्याच्या बछड्यांमधील अन्न-असहिष्णुता

बिबट्याच्या बछड्यांमधील अन्न-असहिष्णुता हा आईच्या दुधाऐवजी दिलेले गाई-म्हशीचे दूध किंवा अन्य अयोग्य अन्न न पचल्यामुळे होणारा विकार आहे. जुलाब, पोटफुगी, उलट्या व शरीरातील पाणी कमी होणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत ऊसतोडीच्या वेळी बछडे माणसांच्या हाती लागतात. त्यामुळे या भागात हा विकार विशेष महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे इत्यादी धरणांच्या पाण्यावर कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत ऊसशेती विस्तारली. उंच व दाट उसात बिबट्यांना आडोसा मिळतो आणि वस्त्यांलगत भक्ष्य सापडते. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी केलेला विष्ठेचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार तेथील बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता.

मादी उसातच पिल्ले घालते व शिकारीला जाताना त्यांना लपवून ठेवते. फडात एकटी दिसणारी पिल्ले त्यामुळे बहुधा पोरकी नसतात. मात्र ती भुकेली असावीत या समजुतीने त्यांना घरातले दूध पाजले जाण्याची शक्यता असते.

कारणे

मार्जार कुळातील प्राणी पूर्णतः मांसाहारी आहेत. त्यांचे आतडे तुलनेने आखूड असते. टॉरिन, आर्जिनिन व तयार स्वरूपातील अ जीवनसत्त्व हे घटक त्यांना आहारातूनच मिळावे लागतात. गाईच्या दुधात प्रथिने सुमारे ३.३ टक्के, तर दुग्धशर्करा (लॅक्टोज) सुमारे ४.७ टक्के असते. बिबट्याच्या दुधात प्रथिनांचे प्रमाण याच्या दुपटीहून अधिक असते. त्यामुळे गाईच्या दुधातून बछड्याला प्रथिने कमी पडतात आणि ऊर्जेच्या मानाने दुग्धशर्करा अधिक मिळते. न पचलेली शर्करा आतड्यात पाणी ओढून घेते व तेथील जिवाणूंमुळे आंबते. त्यातून वायू व जुलाब होतात. वय वाढते तसे ही शर्करा पचवणारे लॅक्टेज हे विकर आणखी घटते. अतिरिक्त आहार, थंड दूध व अस्वच्छ भांडी यांमुळेही पचन बिघडते.

ही असहिष्णुता अन्नाच्या ॲलर्जीहून भिन्न आहे. ॲलर्जीत शरीराची प्रतिकारयंत्रणा विशिष्ट प्रथिनाला प्रतिसाद देते आणि अनेकदा त्वचेला खाज सुटते.

निदान

जंत आणि पॅनल्युकोपेनिया हा विषाणुजन्य रोग यांतही जुलाब होतात. म्हणून विष्ठेची व आवश्यकतेनुसार रक्ताची तपासणी करून पशुवैद्यक निदान करतात. लहान पिल्लाच्या शरीरातील पाणी झपाट्याने घटत असल्याने विलंब प्राणघातक ठरू शकतो.

उपचार

प्रथम पिल्लाला ऊब दिली जाते, कारण थंड पडलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही. त्यानंतर क्षार व द्रव यांची भरपाई केली जाते. पुढे मार्जारवर्गीय पिल्लांसाठी बनवलेले पर्यायी दूध थोडे थोडे, वारंवार देतात. पिल्लाला उताणे धरून दूध पाजल्यास ते फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. साधारण सहा ते आठ आठवड्यांनंतर मांस सुरू करतात. केवळ हाडाविना मांस दिल्यास कॅल्शियम कमी पडून हाडे ठिसूळ होतात.

प्रतिबंध व पुनर्भेट

आईचे दूध हाच सर्वोत्तम प्रतिबंध होय. जुन्नर तालुक्यात माणिकडोह येथे बिबट निवारा केंद्र आहे. वन विभाग व वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेचे पशुवैद्यक बछड्यांची तपासणी करतात. निरोगी बछडे सापडलेल्या जागीच, सहसा संध्याकाळी, खोक्यात ठेवले जातात आणि मादी त्यांना घेऊन जाते का, हे स्वयंचलित कॅमेऱ्यांद्वारे पाहिले जाते. पिल्ले हलवल्यास मादी त्यांच्या शोधात परिसरात फिरत राहते व माणसांनाही धोका संभवतो.

बिबट्या वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असल्याने बछडे घरी ठेवणे हा गुन्हा आहे. बछडा आढळल्यास तोड थांबवून, त्याला काहीही न पाजता व न हाताळता वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवणे अपेक्षित असते.