विपश्यना शिबिर : इगतपुरीचे धम्मगिरी

नाशिक जिल्ह्यात इगतपुरी येथे, सह्याद्रीच्या डोंगरांत धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आहे. ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ही साधना शिकलेले सत्यनारायण गोयंका १९६९ साली भारतात आले. येथे १९७६ पासून शिबिरे भरतात. आम्हा हैदराबादकरांना याच परंपरेचे धम्मखेत्त केंद्र जवळचे आहे.

साधना बुद्धाच्या शिकवणीतली असली तरी कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला प्रवेश मिळतो. शिबिर १० दिवसांचे असते. पहाटे ४ वाजता घंटा होते. पहिले साडेतीन दिवस केवळ श्वासाकडे लक्ष द्यायचे, यास आनापान म्हणतात. चौथ्या दिवसापासून शरीरावरील संवेदना तटस्थपणे पाहायच्या. दहाव्या दिवशी सकाळपर्यंत आर्य मौन पाळावे लागते. फोन, वाचन, लेखन, जप, पूजा सारे बंद. शुल्क नाही, खर्च जुन्या साधकांच्या दानातून चालतो.

डोंगर आणि हिरवाई पाहून कोणी याला सहल समजू नये. निसर्ग येथे एकांतासाठी आहे, आवाराबाहेर फिरता येत नाही.

जाणाऱ्या सभासदांना आमची विनंती : मानसिक आजार असेल किंवा औषधे चालू असतील तर अर्जात लपवू नका, आधी डॉक्टरांशी बोला. घरी वृद्ध किंवा लहान मुले असल्यास १० दिवसांची सोय लावून जा. केंद्राच्या कार्यालयाचा क्रमांक घरी ठेवा. तातडीचा निरोप त्यांच्यामार्फतच पोहोचतो. घरची काळजी मिटली, तरच मौन साधते.