शाळेतील आरोग्य कक्ष

शाळेच्या इमारतीत कार्यालयालगत एखादी लहानशी खोली असते. तीत एक खाट, औषधांचे कपाट, कापसाचा डबा, हात धुण्याचे भांडे आणि एक नोंदवही एवढेच सामान. खेळताना गुडघा फुटला, प्रार्थनेत भोवळ आली, पोटात कळ आली, की मुलाला तेथे नेतात. ही व्यवस्था इतकी साधी दिसते की तिला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु ज्या प्रश्नातून ती निर्माण झाली तो मोठा होता. कायद्याने मुलाला शाळेत यावयास लावले आणि मूल आजारी निघाले, तर त्याचे काय करावयाचे? त्याला घरी धाडावयाचे, की बरे करून वर्गात बसवावयाचे?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्य शहरांतील शाळा गरिबांच्या मुलांनी भरून गेल्या. एकेका वर्गात दाटीने बसलेल्या मुलांत साथीचे रोग झपाट्याने पसरू लागले. घटसर्पाच्या साथीनंतर १८९४ साली बॉस्टन शहराने शाळांच्या तपासणीसाठी डॉक्टर नेमले. १८९७ साली न्यूयॉर्कने तोच मार्ग धरला. डॉक्टरचे काम ठरलेले होते. मुले पाहावयाची, संसर्गाचे चिन्ह दिसेल त्याला वेगळे काढावयाचे आणि चिठ्ठी देऊन घरी पाठवावयाचे. उपचार करणे हे त्याचे काम नव्हते. १९०२ साली ही तपासणी अधिक कसून होऊ लागली. खुपऱ्या, गजकर्ण, खरूज, उवा अशा कारणांसाठी मुले हजारोंनी शाळेबाहेर पडू लागली आणि वर्ग ओस दिसू लागले.

व्यवस्थेच्या दृष्टीने हे काम चोख होते. फळ मात्र विपरीत मिळाले. न्यूयॉर्कच्या पूर्व भागातील दाट वस्तीत राहणारी बरीच कुटुंबे परदेशांतून नव्याने आलेली होती. मुलाच्या हातातील इंग्रजी चिठ्ठी आईला वाचता येत नसे. वाचून घेतली तरी औषधाला पैसा नसे आणि दवाखान्यात दिवस घालविण्याइतकी सवड नसे. मूल दिवसभर रस्त्यावर हिंडे, आणि शाळा सुटली म्हणजे ज्या सोबत्यांपासून त्याला दूर केले होते त्यांच्याच बरोबर खेळे. रोग होता तेथेच राहिला, विद्या मात्र गेली.

याच वस्तीत लिलियन वॉल्ड या परिचारिकेने हेन्री स्ट्रीट येथे सेवाकेंद्र चालविले होते. आपल्या आठवणींच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात तिने बारा वर्षांच्या एका मुलाची हकिगत दिली आहे. डोक्यावरील इसबामुळे त्याला शाळेत घेत नसत. आईने दवाखान्यांच्या खेपा घातल्या होत्या. पण मलम नियमाने कसे लावावयाचे हे तिला कोणी नीट दाखविले नव्हते. वॉल्डने ते दाखविले आणि मुलगा बरा होऊन शाळेत गेला. पुढे शहराच्या आरोग्य खात्यापुढे तिने प्रस्ताव मांडला: एक परिचारिका महिनाभर शाळांत काम करील, फळ दिसले तर शासनाने हे काम आपल्याकडे घ्यावे.

त्याप्रमाणे १९०२ सालच्या ऑक्टोबरात लीना रॉजर्स ही परिचारिका चार शाळांत जाऊ लागली. डॉक्टरने वेगळी काढलेली मुले तिच्याकडे येत. डोक्यातील उवांसाठी रॉकेल आणि गोडे तेल समभाग, खरजेसाठी गंधकाचे मलम, डोळे धुण्यास बोरिक ॲसिडचे पाणी, अशा उपायांची डॉक्टरांनी मान्य केलेली यादी पुढे ठरून गेली. परिचारिकेने आपल्या मनाने औषध देऊ नये, हा त्यामागील हेतू. उपचार झाला की मूल त्याच दिवशी वर्गात परत जाई. खुपऱ्यांसारख्या दुखण्याला रुग्णालयाची वाट दाखविली जाई. शाळा सुटल्यावर परिचारिका घरोघर जाऊन आईला औषध लावण्याची रीत शिकवीत असे. महिन्याच्या अखेरीस शासनाने काम स्वीकारले आणि परिचारिकांची संख्या वाढविली. १९०२ च्या सप्टेंबरात १०,५६७ मुले आजाराच्या कारणाने शाळेबाहेर काढली गेली होती. १९०३ च्या सप्टेंबरात हा आकडा १,१०१ वर आला. शाळेतील आरोग्य कक्षाचे सारे तत्त्व या दोन आकड्यांत आहे.

आपल्या देशात या कामाचा आरंभ बडोद्यास झाला. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९०९ साली बडोदा शहरात शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. सक्ती आणि तपासणी यांच्यात अवघ्या तीन वर्षांचे अंतर असावे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. परंतु हा धडा देशभर पसरला नाही. १९४६ साली भोर समितीला शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच असे नमूद करावे लागले. १९६० साली रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने पुढील वर्षी याविषयी शिफारशी केल्या. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ पालघर येथे झाला. त्यानुसार वैद्यकीय पथके शाळेत जाऊन मुले तपासतात आणि गरजू मुलांना पुढील उपचारासाठी पाठवितात.

हे काम मोलाचे आहे. परंतु पथक यावयाचे वर्षातून एकदा, आणि मुलाला ताप चढावयाचा कोणत्याही मंगळवारी. शिवाय आज प्रश्नाचे रूप बदलले आहे. रॉजर्सच्या यादीतील उपाय बहुतांशी बाहेरून करावयाचे होते. आज दम्याचा पंप, अपस्माराच्या गोळ्या, मधुमेहाचे इन्सुलिन यांवाचून ज्यांचा दिवस जात नाही अशी मुले वर्गात बसतात. त्यांचे औषध कोणी, केव्हा, किती द्यावयाचे, हे आधी ठरलेले असावे लागते. त्यासाठी डॉक्टरचे लेखी पत्र, पालकांची लेखी संमती, मूळ वेष्टनातील आणि मुलाच्या नावाची चिठ्ठी लावलेले औषध, आणि दिल्याबरोबर वेळेसह केलेली नोंद, एवढे नियम पुरेत. मात्र दम्याचा पंप कपाटात कुलूपबंद आणि किल्ली रजेवर गेलेल्या लिपिकाकडे, अशी शिस्त काय कामाची?

नोंदवहीचा प्रश्नही याच जातीचा आहे. कार्यालयाच्या दृष्टीने किती मुले तपासली हा आकडा भरला की काम संपते. त्याच पानावर आणखी दोन रकाने आखावेत: किती मुले वर्गात परत गेली, आणि जी घरी वा रुग्णालयात पाठविली त्यांची दुसऱ्या दिवशी विचारपूस कोणी केली. पहिल्या रकान्याची किंमत न्यूयॉर्कने १९०३ साली दाखवून दिली. दुसरा रकाना भरावयाचा तर शाळेतून कोणीतरी उठून त्या मुलाच्या घरापर्यंत जावे लागेल.