खाऊ आणि कीड: बुटक्या समुद्रघोड्याच्या टाकीचा इतिहास

समुद्रघोड्याला जठर नसतं आणि दातही नसतात. नळीसारख्या तोंडातून भक्ष्य सपकन आत ओढायचं, ते आतड्यातून भराभर पुढे सरकतं, आणि थोड्या वेळात स्वारी पुन्हा उपाशी. त्यातून हा मासा पोहण्यात अगदीच कच्चा. त्यातला बुटका समुद्रघोडा, शास्त्रीय नाव हिप्पोकॅम्पस झॉस्टेरी, तर सगळ्यांत संथ मासा म्हणून गिनेस बुकात गेलेला आहे: तासाला साधारण दीड मीटर. पूर्ण वाढलेला बुटका दोन-अडीच सेंटिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या पेराएवढा. राहायला फ्लोरिडा, बहामा आणि मेक्सिकोच्या आखातातलं समुद्री गवत. जॉर्डन आणि गिल्बर्ट यांनी १८८२ साली त्याचं वर्णन केलं, आणि त्या गवताच्याच एका जातीवरून (झॉस्टेरा) त्याचं नाव ठेवलं.

असा प्राणी घरात पाळायचा म्हणजे काय करायचं? तो खाण्यामागे धावणार नाही, तेव्हा खाणं त्याच्या तोंडापाशी यायला हवं. ते जिवंत हवं, कारण न हलणाऱ्या गोष्टीकडे तो सहसा बघत नाही. आणि ते दाट हवं, कारण तो शेपटीने काडीला धरून एका जागी बसतो. थोडक्यात, लहानशी टाकी, संथ पाणी आणि त्यात दिवसातून दोन-तीनदा सोडलेले हजारो सूक्ष्म जीव.

आता हीच तीन वाक्यं दुसऱ्या एका प्राण्याच्या बाजूने वाचा. एका जागी चिकटून बसणारा, दंशपेशींनी भरलेले हात पसरून वाट बघणारा, जवळून जाणारं काहीही पकडणारा. हायड्रॉइड म्हणतात त्याला. शाळेत आपण ज्याला जलव्याल म्हणून शिकलो त्या हायड्राचा हा समुद्रातला भाऊबंद. दुसरा त्याच पंथाचा म्हणजे ऐप्टेशिया नावाचं काचेसारखं पारदर्शक समुद्रफूल. हे दगडावरून, समुद्री वनस्पतीवरून, दुसऱ्याच्या टाकीतल्या पेलाभर पाण्यातून येतात. मोठ्या माशांच्या टाकीत त्यांचं फारसं कोणी मनावर घेत नाही. बुटक्याच्या टाकीत मात्र ते आठवड्या-दोन आठवड्यांत काच व्यापतात, पिल्लांचं खाणं आधी खातात आणि मग पिल्लांनाच डसतात. बुटक्या समुद्रघोड्यासाठी आदर्श असलेली टाकी ही हायड्रॉइडसाठीही आदर्श टाकी असते. घरगुती मत्स्यालयाचा जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास याच पेचाभोवती फिरतो.

सुरुवात पेटीपासून करू. नॅथॅनियल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरला १८२९च्या सुमारास लक्षात आलं की काचेच्या बंद बरणीत नेचे आपोआप वाढतात. आतलाच ओलावा वर जातो आणि पुन्हा खाली येतो. त्यावरून त्याने रोपं नेण्याच्या काचपेट्या केल्या. १८४५ साली ब्रिटनमध्ये काचेवरचा कर रद्द झाला आणि काच स्वस्त झाली. १८४६मध्ये ॲना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले आणि घरात जगवले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असे. आज आपण शे-दोनशे रुपयांच्या पंपाकडून हेच काम करून घेतो. जगातला पहिला एअर पंप म्हणजे ती मोलकरीण, आणि तिचं नाव कुठल्याही मत्स्यालयावर नाही.

१८५०मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने टाकीचं गणित मांडलं: मासे, पाणवनस्पती आणि सडका पाला खाणाऱ्या गोगलगाई, तिघं मिळून तोल सांभाळतात. १८५३मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. त्यामागे असलेल्या फिलिप हेन्री गॉसने पुढच्याच वर्षी ‘द अक्वेरियम’ हे पुस्तक काढलं, आणि समुद्राचं पाणी क्षारांपासून घरी कसं तयार करायचं याची कृतीही दिली. ही कृती आमच्यासारख्यांच्या फार कामाची. नाशिकपासून समुद्र सह्याद्रीपलीकडे, कसारा घाट उतरून गाठायचा. इथे समुद्र हवा असेल तर तो पुडीतूनच आणावा लागतो.

गॉसच्या पुस्तकांनी इंग्लंडला मत्स्यालयाचं वेड लावलं. लोक बादल्या-छिन्न्या घेऊन डेव्हनच्या किनाऱ्यावर उतरले. त्याचा मुलगा एडमंड गॉस याने १९०७च्या ‘फादर अँड सन’ या आठवणींत खेदाने नोंदवलं आहे की ज्या खडकांतल्या डबक्यांवर वडिलांचं प्रेम होतं ती त्यांच्याच वाचकांनी ओरबाडून रिकामी केली. ही नोंद लक्षात ठेवू, पुढे लागेल.

पेटी झाली, खाण्याचा प्रश्न उरला. समुद्री माशांची पिल्लं उपाशी मरत, कारण त्यांच्या तोंडात मावेल असं जिवंत खाद्य रोज आणणार कुठून? उत्तर मिठागरात मिळालं. आर्टेमिया हा खारट तळ्यांत राहणारा, कोळंबीचा लांबचा नातेवाईक. त्याची अंडी सुकून वर्षानुवर्षं पडून राहतात आणि खाऱ्या पाण्यात टाकली की दिवस-दीड दिवसात फुटतात. त्यातून अर्ध्या मिलिमीटरचं पिल्लू बाहेर येतं. १९३३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आल्विन सील याने आणि १९३९मध्ये नॉर्वेत रोलेफ्सेनने ही पिल्लं माशांच्या पिल्लांना भरवता येतात हे दाखवलं. म्हणजे पहिल्यांदाच ताजं जिवंत अन्न डब्यात साठवता येऊ लागलं. प्रोग्रॅमरच्या भाषेत सांगायचं तर झिप केलेली कोळंबी: पाणी घाला, अनझिप होते.

यातला एक धागा थेट मुंबईत येतो. वडाळ्याच्या मिठागरात आर्टेमिया सापडल्याची नोंद १९५३ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात आली. ती डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांची. कुलकर्णी मत्स्यव्यवसाय खात्यातले शास्त्रज्ञ. त्याआधी १९४० साली त्यांनी मुंबईच्या परिसरातल्या मचूळ पाण्यातून एक इवलासा, जवळजवळ पारदर्शक मासा शोधून त्याला होराइक्थिस सेट्नाय असं नाव दिलं होतं: सुंदरलाल होरा आणि एस. बी. सेटना या दोन मत्स्यतज्ज्ञांची नावं एकाच माशात. पुढे लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर महासीर माशाच्या प्रजननाच्या कामातही ते होते. छोट्या जिवांकडे इतक्या बारकाईने बघणारा हा माणूस मराठी वाचकांना जवळजवळ अनोळखी आहे. वडाळ्याच्या नोंदीच्या दोनच वर्षं आधी, १९५१मध्ये, मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झालं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईला नेलेल्या पोरांच्या कित्येक पिढ्यांनी समुद्राची आतली बाजू पहिल्यांदा पाहिली ती तिथेच.

अमेरिकेत याच सुमाराला आर्टेमियाचा बाजार झाला. हॅरल्ड फॉन ब्रॉनहुटने १९५७पासून तीच अंडी खेळणं म्हणून विकायला काढली आणि पुढे त्यांना ‘सी-मंकीज’ असं नाव दिलं. कॉमिक्सच्या मागच्या पानांवर त्यांच्या जाहिराती येत. तशाच जाहिराती जिवंत बुटक्या समुद्रघोड्यांच्याही येत. फ्लोरिडातल्या उथळ खाडीत जाळं ओढायचं, सापडतील ते पिशवीत भरायचे आणि टपालाने पोरांच्या घरी पाठवायचे. अंडी फोडायची कोणी आणि कशी, हे त्या पोराने बघून घ्यायचं. १९५८मध्ये कर्क स्ट्रॉन याने सीडर की इथल्या बुटक्यांचा जीवनक्रम शास्त्रीय पद्धतीने मांडला, पण टपालातून गेलेल्यांचा जीवनक्रम कोणी लिहून ठेवलेला नाही. तो फार लांब नसावा.

आता कीड. हायड्रॉइड दिसले की पहिला मोह होतो खरवडून काढण्याचा. तसं का करू नये याचं उत्तर १७४०पासून उपलब्ध आहे. हेगजवळ एका सरदाराच्या घरी मुलांना शिकवणाऱ्या आब्राम ट्रेंब्ले या तरुणाने तळ्यातल्या पाण्यात हिरवट हातांचे जीव पाहिले. वनस्पती की प्राणी हे ठरवायला त्याने एकाचे दोन तुकडे केले. दोन्ही तुकड्यांचे दोन पूर्ण जीव झाले. मग त्याने अधिक तुकडे केले, आणि अधिक जीव झाले. १७४४मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि प्राणी म्हणजे नेमकं काय यावर युरोपभर खल सुरू झाला. टाकीवाल्यांसाठी त्यातलं व्यवहारज्ञान एवढंच: कापाल तितके वाढतील. ऐप्टेशियाही आपल्या तळव्याच्या सुट्या कपच्यांतून पुन्हा उभं राहतं.

मग औषध? नाशिकच्या माणसाला इथे द्राक्षं आठवल्याशिवाय राहत नाहीत. डावणी आली की मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारायचं, हे इथे बागेशी संबंध नसलेल्यालाही ऐकून माहीत असतं. त्या मिश्रणाचा इतिहास आपल्या टाकीच्या इतिहासाला समांतर आहे. अमेरिकेतून आलेल्या वेलींबरोबर फायलोक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड फ्रान्समध्ये शिरली आणि १८६०च्या दशकात बागा मरू लागल्या. उपाय म्हणून कीड सोसणारे अमेरिकी खुंट मागवले. अमेरिकी वेलींच्या त्या वाढत्या ने-आणीत डावणीही आली; युरोपात ती १८७८मध्ये दिसली. मेदोकमध्ये चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत, आणि नेमक्या त्याच वेली निरोगी राहिल्या. हे प्राध्यापक मियार्दे यांच्या १८८२मध्ये लक्षात आलं आणि १८८५मध्ये त्यांनी मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली. रोपांची अशी दूरदेशी ने-आण ज्यांनी सोपी केली त्यांत वॉर्डच्या काचपेट्याही होत्या. म्हणजे मत्स्यालयाची आणि फुकट फिरणाऱ्या किडींची आजी एकच.

तांबं माशांच्या परजीवींवरही चालतं. पण कोळंबी, गोगलगाय आणि आर्टेमियाच्या जातीच्या सगळ्या जिवांना ते मारक, म्हणून बुटक्याच्या टाकीत ते बाद. तिथे पाळणाऱ्यांनी अनुभवाने शोधलेला उपाय म्हणजे फेनबेंडाझोल. हे १९७०च्या दशकात आलेलं जंताचं औषध. ‘पॅनाक्यूर’ या नावाने पशुवैद्यांच्या परिचयाचं; शेळीला, गाईला, कुत्र्याला देतात. जंताच्या पेशींतला सांगाडा ज्या प्रथिनाचा बनतो त्याला ते चिकटतं आणि सांगाडा उभा राहू देत नाही. अगदी थोड्या मात्रेत ते हायड्रॉइडही मारतं, आणि समुद्रघोडे सहसा त्यातून सुखरूप राहतात. पण नळीतले कृमी मरतात, गोगलगाई मरतात आणि औषध सच्छिद्र दगडात मुरून राहतं. मेलेल्या किडीनेही पाणी नासतं, त्यामुळे मागोमाग पाणी बदलावं लागतं. म्हणून शहाणे लोक औषध दगड-वनस्पतींना आधी देतात, घोड्यांना नंतर आणतात, आणि आर्टेमियाच्या अंड्यांचं कवच ब्लीचमध्ये विरघळवून, नीट धुऊनच अंडी उबवतात. तरीही कीड कायमची संपत नाही, फक्त तिचा वेग आपल्या वेगापेक्षा कमी ठेवता येतो. ज्याने कधी चालू सॉफ्टवेअर सांभाळलं आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

आणि मग येते अशी गोष्ट, जिच्यावर औषध नाही. डेव्हनच्या किनाऱ्याची नोंद आठवा. अमांडा व्हिन्सेंट या शास्त्रज्ञ बाईंनी १९९६मध्ये समुद्रघोड्यांच्या जागतिक व्यापारावर अहवाल लिहिला. वर्षाला दोन कोटींच्या आसपास समुद्रघोडे, बहुतेक सुकवलेले, औषधासाठी विकले जात होते, आणि पुरवठादारांत भारतही होता. जुलै २००१मध्ये भारताने समुद्रघोडे आणि त्यांचं सगळं कुळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं. वाघ जिथे आहे तिथे. साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराने २००२मध्ये सगळ्या समुद्रघोड्यांचा व्यापार नियंत्रणाखाली आणायचं ठरवलं, आणि मे २००४पासून ते लागू झालं. २०२२च्या दुरुस्तीनंतर साइट्सच्या यादीतला परदेशी जिवंत प्राणी घरात असेल तर त्याची नोंदणीही करावी लागते.

म्हणून नाशिकमध्ये बुटक्या समुद्रघोड्याची टाकी हा मुख्यतः वाचनाचा छंद आहे. माझ्याकडे ती नाही आणि मी ती करणारही नाही. फ्लोरिडातल्या गवतात जन्मलेला, वर्ष-दोन वर्षं जगणारा जीव तीन विमानं बदलून गोदाकाठी आणायचा, आणि त्याच्यासाठी रोज हजारो जीव उबवायचे, हे कागदपत्रं जमली तरी मला पटत नाही. जे लोक अमेरिकेत टाकीतच जन्मलेल्या बुटक्यांच्या पिढ्या वाढवतात त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांनी टाकलेल्या प्रत्येक पिल्लामागे खाडीतलं एक पिल्लू वाचतं. बुटक्याला संकटग्रस्त ठरवावं म्हणून २०११मध्ये अमेरिकी सरकारकडे अर्ज झाला होता. २०२०मध्ये, तशी गरज नाही, असा निर्णय आला. जाळं थोडं सैल पडल्याचाही त्यात वाटा असेल, पण समुद्री गवत टिकलं तरच त्या निर्णयाला अर्थ आहे.

आर्टेमिया मात्र कोणत्याही अनुसूचीत नाही. पाण्याची रिकामी बाटली, जाडं मीठ, चिमूटभर अंडी, वर एक दिवा आणि खालून हवेची नळी. दुसऱ्या दिवशी केशरी ठिपक्यांचा ढग उजेडाकडे सरकताना दिसतो. बाटलीला भिंग लावून बघा, जमलं तर घरातल्या पोरांना दाखवा. आणि वडाळ्यावरून लोकलने जाताना मिठागरांवर घरं बांधण्याच्या योजनांची बातमी वाचत असाल, तर एवढं लक्षात असू द्या की कुलकर्ण्यांना हा ढग तिथेच सापडला होता.